ठाण्याच्या उकाड्यात क्रोशा

नमस्कार मंडळी! आज क्रोशावर, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईच्या विणकामावर बोलायचंय, आणि आधीच सांगून टाकते, ठाण्यात राहून लोकरीचे स्वेटर विणायचा नाद सोडा. म्हणजे मनालीला वगैरे कोणी जाणार असेल तर विणा हो, पण घोडबंदर रोडवरच्या कुणाच्या बाळाला तुम्ही ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर-टोपी-मोजे असा सेट दिलात ना, तर ती बाळाची आई तोंडावर "अय्या, किती गोड" म्हणणार, एक फोटो काढणार आणि सगळा ऐवज कपाटाच्या वरच्या खणात. आपल्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस, तेव्हाही पंखा चालूच.

मग बाळंतविड्यात हाताने केलेलं काहीच द्यायचं नाही का? द्यायचं की, फक्त सुती दोऱ्याचं. बाजारात बाळासाठी म्हणून जी मऊमऊ रंगीत लोकर मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक असते, म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, घाम शोषत नाही. सुती दोरा घाम शोषतो आणि जितका धुवाल तितका मऊ पडतो. पण त्याचा एक त्रास आहे, तो पहिल्या धुण्यात थोडा आटतो आणि लोकरीसारखा ताणला की परत जागेवर येत नाही, म्हणून आधी एक वीतभर नमुना विणायचा, धुवायचा, पूर्ण वाळला की मोजायचा आणि मगच खरं काम सुरू करायचं. हे सांगितलं की सगळ्या बायका मान डोलावतात आणि कोणीही करत नाही.

आता टोपडं. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो आणि सहाव्या महिन्यात तोच ४२-४३ होतो, म्हणजे पहिल्या महिन्याच्या मापाने टोपी विणलीत तर बारशाला घालून होईपर्यंत ती लहान झालेली असणार, त्यामुळे सरळ सहा महिन्यांचंच माप धरा. टोपी डोक्यापेक्षा दोनेक सेंटीमीटर कमीच ठेवायची, म्हणजे नीट बसते. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोऱ्याच्या आवळता येणाऱ्या कड्यात, १२ खांब (उंच टाके) घ्या, दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक वाढवून ३६, अशी प्रत्येक फेरीला १२ची वाढ. असं केलं की गोल सपाट राहतो. तो मधून आडवा मोजून १३ सेंटीमीटर भरला की वाढवणं बंद, पुढे नुसतं सरळ खाली विणत जायचं. ४ प्लाय, म्हणजे चार पदरी कॉटनला ३ नंबरची सुई छान चालते, म्हणजे ३ मिलिमीटरची.

वाढ कमी पडली तर गोलाची वाटी होते आणि जास्त झाली तर कडेला झालर सुटते, हे विणणाऱ्या प्रत्येकीला माहितीये. गंमत म्हणजे ही झालर गणितात जाऊन बसलीये! डायना टायमिना नावाच्या गणिताच्या प्राध्यापक आहेत, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होत्या, त्यांनी १९९७ मध्ये मुद्दाम ठराविक हिशोबाने टाके वाढवत नेले आणि हायपरबोलिक भूमितीतला वाकडातिकडा पृष्ठभाग विद्यार्थ्यांना हातात धरता येईल असा क्रोशाने करून दाखवला. कागदाचे नमुने फाटायचे, दोऱ्याचा टिकला. सासूबाई झालर बघून "हे काय केलंस" म्हणाल्या तर खुशाल सांगा, भूमिती आहे.

बाळासाठी विणताना अजून दोन गोष्टी. मोठ्या जाळीचं दुपटं नको, बाळाची बोटं त्यात अडकतात, घट्ट टाका घ्या. आणि गळ्याशी नाडी नको, बाहुलीला मणी-बटणाचे डोळे नकोत, ते दोऱ्यानेच भरा.

मी स्वतः ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलला लेडीज डब्यात विणते, सीट मिळाली तर. दोन सुयांच्या विणकामात सुईवर पन्नास टाके उघडे असतात, कोणाचा धक्का लागला आणि सुई निसटली की संपलं. क्रोशात उघडा असतो तो एकच फास, कोपरखैरणे आलं की तो लांब ओढायचा, पिशवीत टाकायचा आणि उतरायचं.

शेजारची बाई विचारतेच, "कितीला देता?" आणि व्हॉट्सअॅपवर तर ठरलेलं, "ताई मला पण करून दे ना, दोऱ्याचे पैसे देते." दोऱ्याचे! अहो, स्वेटर विणायची मशीन आहे, पण क्रोशाचे टाके घालणारी मशीन कारखान्यात नाही, क्रोशेट मशीन म्हणून जी असते ती पट्ट्या आणि लेस वेगळ्याच पद्धतीने विणते. म्हणजे मॉलमध्ये सेलला लावलेला खरा क्रोशाचा टॉप दिसला तर तो कुणीतरी सुई हातात धरूनच विणलेला असतो, मग त्या बाईला काय मिळालं असेल तुम्हीच हिशोब करा. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरं जगली. आपल्याकडे आंध्रात गोदावरीकाठी नरसापूर आहे, तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना हे काम शिकवलं, आजही तिथल्या हजारो बायका घरी बसून विणतात, २०२४ मध्ये त्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. माझं म्हणणं एवढंच की द्यायची तर भेट द्या, एक पैसा घेऊ नका, आणि विकायची तर वेळेचे पैसे लावून विका. दोऱ्याच्या पैशात करून देणं हे मधलंच काहीतरी झालं, त्यात दोघींनाही मजा नाही, शिवाय पुढच्या बाईचा भाव पडतो तो वेगळाच.

आणि भेट देताना पाकिटात एक चिठ्ठी टाका बरं का. हाताने धुवा, पिळू नका, दोरीवर टांगू नका, टॉवेलवर पसरून वाळवा, ओला सुती क्रोशा टांगला की आपल्याच वजनाने लांब होतो. लाल, मरून रंग असेल तर पहिल्यांदा वेगळा भिजवा. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस जातील, घरात पंख्याखाली ठेवा, दमट घडी घालू नका, काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत.

रुखवतातली तोरणं नि ताटावरचे रुमाल राहिलेच, ते पुन्हा कधीतरी. नमस्कार!