सुई दिधी तरी बैल पडना!

श्रोतेहो, नमस्कार. धार काढून झाली असेल, चहाही झाला असेल. आज बोलायचंय इंटरफेरॉनबद्दल. पण आमच्या पवळ्या बैलाशिवाय मला हा विषय सांगताच येत नाही.

चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, मी सातवीत. शेजारच्यांनी बाजारातून गोऱ्हा आणला. बैल घेताना माणसं दात बघतात, शिंगं बघतात, चार पावलं चालवून बघतात. लसीचा दाखला कुणी मागत नाही. असो. दोनच दिवसांत गोऱ्हा लाळ गाळू लागला. आजी उठली, डॉक्टरांना घेऊनच आली आणि त्याच दुपारी आमच्या दोन्ही बैलांना लाळ्या खुरकूतची लस टोचून घेतली. डॉक्टरांना कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. वांगी बामणोदची. दुसऱ्या वांग्याच्या भरताला भरीत म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. जाताना डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस जपा. त्या गोऱ्ह्याच्या हौदावर नेऊ नका." भरताच्या नादात ते कुणी ऐकलं नाही.

चौथ्या दिवशी पवळ्यानं कडब्याकडं पाठ फिरवली. तोंडातून लाळेची तार थेट गव्हाणीपर्यंत. जीभ बाहेर ओढून पाहिली तर वरची साल सुटलेली, खुरांच्या बेचक्यात फोड. आजीनं डॉक्टरांना दारातच गाठलं, "सुई दिधी तरी बैल पडना! मंग ती सुई कसानी?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, आज दिलेली सुई आठवड्यानं कामाला लागते." पुन्हा सांगतो, लस टोचली की त्याच दिवशी जनावर सुरक्षित होत नाही. मधले सात दिवस उघडे असतात.

त्या उघड्या दिवसांवरच हे संशोधन चाललंय. गल्लीत चोर शिरला की पहिलं घर ओरडतं आणि बाकीची घरं कड्या लावतात. विषाणू शिरलेली पेशीही तशीच हाक देते. ती हाक म्हणजे इंटरफेरॉन नावाचं प्रथिन. 1957 साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना ते कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्यावर काम करताना सापडलं.

मग ही हाक आधीच दिली तर? अमेरिकेत प्लम आयलंडच्या प्रयोगशाळेत डुकरांवर तेच करून पाहिलं. वाढू न शकणाऱ्या एका विषाणूच्या पाठीवर डुकराच्या इंटरफेरॉनचं जनुक चढवून ते टोचलं. दुसऱ्याच दिवशी लाळ्या खुरकूतचा विषाणू दिला, तरी डुकरं आजारी पडली नाहीत. सात दिवस नाही, एक दिवस! गाईगुरांत मात्र तोच प्रकार तितका चालला नाही. तिथं लॅम्डा नावाच्या दुसऱ्या इंटरफेरॉननं जास्त साथ दिली. हा असर काही दिवसांत ओसरतो, म्हणून लस हवीच. इंटरफेरॉन लसीच्या जागी नाही, लस कामाला लागेपर्यंत. आणि हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, उद्या दवाखान्यात जाऊन मागू नका.

पवळ्या वाचला. आजी रोज तुरटीच्या पाण्यानं त्याचं तोंड धुवायची, लाल औषधाच्या पाण्यानं खुरं धुवायची, बाजरीची पेज पाजायची. त्या पोळ्याला तो मिरवणुकीत गेला नाही. जोडीदार एकटाच गेला, झूल घालून. आजीनं खापरावरची पुरणपोळी दुधात कुस्करली आणि गोठ्यात त्याच्यापुढं बसली. कडबा चावत नव्हता, पण पुरणपोळी त्यानं पाटी चाटूनपुसून संपवली.