युरोपात पाच देश फिरायचे: ट्रेन, विमान, बस की गाडी?

(टेबलावर केबिन बॅग, हातात शिवणकामाची टेप)

नमस्कार मंडळी. आधी ही बॅग मोजू. उंची ५५, रुंदी ३५, जाडी २३ सेंटीमीटर. आपण हिला छोटी बॅग म्हणतो. युरोपातल्या स्वस्त विमानांच्या सगळ्यात कमी भाड्यात जी बॅग फुकट जाते ती साधारण ४० बाय ३० बाय २०. म्हणजे पोरांचं दप्तर! आपल्या या बॅगेचे पैसे वेगळे, आणि ते ऐनवेळी गेटवर भरायची वेळ आली तर कधीकधी तिकिटापेक्षा जास्त.

मला हे आईसोबत असताना कळलं. गेटवर लोखंडी चौकट होती, बॅग त्यात घालून दाखवायची. आईने तिथेच बॅग उघडली, जून महिन्यात दोन स्वेटर एकावर एक चढवले, दाण्याच्या लाडवांचा डबा माझ्या पर्समध्ये कोंबला. तरी चाकं बाहेरच. भरले पैसे.

यूट्यूबवर युरोपातली पोरं स्वस्त प्रवासाचं जे गणित सांगतात ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. पाठीवर एक सॅक, व्हिसाची भानगड नाही, तिकिटं तीन महिने आधी काढून मोकळे. आपलं तसं नसतं. म्हणून एक खरीखुरी सहल घेऊ. नवरा-बायको, आठ आणि दहा वर्षांची दोन मुलं. पॅरिस, झुरिक, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग.

पाचही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, त्यामुळे व्हिसा एकच. पण त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, आणि ते वाढवून ४५ पर्यंत नेऊ शकतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात. इकडे तिथल्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांचं भाडं विमानासारखं रोज चढतं. जे स्वस्त तिकीट असतं ते ठरलेल्या एकाच गाडीचं, आणि बहुधा परत होत नाही. मग होतं काय? व्हिसा हातात येईपर्यंत स्वस्त तिकिटं संपलेली. आधी काढून ठेवली आणि व्हिसा नाकारला, तर पैसे बुडाले.

म्हणून युरेल पासचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांत चालणाऱ्या रेल्वे पासचा, विचार आपण वेगळ्या नजरेने करायला हवा. पास महाग दिसतो, मान्य. पण तारीख जवळ आली म्हणून त्याची किंमत चढत नाही. साधा पास सुरू केला नसेल तर काही पैसे कापून परतही करता येतो. (सवलतीच्या ऑफरमध्ये घेतलेल्या पासची अट मात्र वाचून घ्या.) आणि आपल्या कुटुंबासाठी खरी गंमत पुढे आहे: ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर पास फुकट, एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. आजी-आजोबा साठीचे असतील तर त्यांनाही १० टक्के सूट.

आता या पासातली मेख. लोकलचा पास खिशात आहे म्हणून डेक्कन क्वीनच्या रिझर्व्ह डब्यात बसता येतं का? तसंच. पास म्हणजे सीट नव्हे. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, लंडनची युरोस्टार या वेगवान गाड्यांना सीट रिझर्व्ह करावीच लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि मुलांचा पास फुकट असला तरी त्यांच्या सीटचे पैसे पडतात. टीजीव्हीत पासवाल्यांच्या जागाही मोजक्याच असतात. म्हणून पॅरिस–झुरिकची सीट व्हिसा आला त्याच दिवशी काढा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना ही कटकट नाही.

आणखी एक. पास फोनवर असतो, ॲपमध्ये. प्रत्येक गाडी त्यात जोडायची, तिच्यासमोरचं बटण चालू करायचं, आणि हे सगळं गाडीत चढायच्या आधी. तिकीट तपासनीस समोर उभा राहिल्यावर फोन चिवडायला लागलात तर तो तुम्हाला विनातिकीट धरू शकतो.

पॅरिस–झुरिक विमानाने? उड्डाण सव्वा तासाचं. पण पॅरिसमधून विमानतळ गाठायला पाऊण तास, दोन तास आधी पोहोचायचं, उतरून बॅगांची वाट बघायची. ट्रेन गार द लिओं स्टेशनवरून सुटते आणि साधारण ४ तासांत झुरिकच्या मधोमध सोडते. बॅगा कुणी तोलत नाही. विमान निवडलंच तर विमानतळाचं नाव नीट वाचा. ‘पॅरिस बोव्हे’ हे पॅरिसपासून जवळजवळ ८५ किलोमीटरवर आहे. मुंबईचं तिकीट काढून लोणावळ्याला उतरल्यासारखं.

व्हेनिस–व्हिएन्ना मी रात्रीच्या गाडीने करेन. नाइटजेटमध्ये बर्थ असतात, आपल्याला कोकणकन्येची सवय आहे, त्यामुळे मुलं लगेच झोपतात. हॉटेलची एक रात्र वाचते, पासचाही एकच दिवस खर्च होतो, गाडी सुटते तो. बर्थचे पैसे अर्थात वेगळे, आणि बर्थ लवकर भरतात.

मोजा आता. युरेलचा सगळ्यात छोटा ग्लोबल (अनेक देशांचा) पास महिनाभरात कुठल्याही ४ दिवसांचा. पॅरिस–झुरिक, झुरिक–व्हेनिस, व्हेनिस–व्हिएन्ना, झाले ३. चौथा दिवस व्हिएन्ना–प्रागला वापरायचा मोह होईल. नका वापरू. त्या मार्गावर गाडी ४ तासांची, बसही जवळपास तेवढीच, आणि तिकिटं स्वस्त. चौथा दिवस स्वित्झर्लंडमध्ये काढा: झुरिक, ल्युसर्न, तिथून डोंगरातून इंटरलाकेन, संध्याकाळी परत. स्विस रेल्वेचं साधं तिकीट काढताना हात थरथरतो, तिथे पास वसूल होतो. युंगफ्राउयोख या उंच डोंगरावरच्या स्टेशनला मात्र याच पासवर फक्त सवलत मिळते, पूर्ण तिकीट नाही.

भाड्याची गाडी? देशोदेशी जायला नकोच. एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली की परतीचा भुर्दंड जबर असतो. स्वित्झर्लंडच्या हायवेला टोल भरल्याचं काचेवर स्टिकर किंवा त्याचंच ऑनलाइन रूप, ई-विनेट, हवं, दोन दिवस जा की दोनशे, वर्षाचंच मिळतं, ४० फ्रँक. ऑस्ट्रियाचं पुन्हा वेगळं. फ्लॉरेन्ससारख्या इटालियन शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी पोहोचतो. पण चौघं मिळून इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या खेड्यांत ३ दिवस हिंडायचं असेल तर गाडीसारखं सुख नाही. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, वर्षभर चालतं. आणि तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, हे पहिल्या वळणावर हमखास विसरायला होतं.

क्रोएशियाकडे (तोही शेंगेनमध्येच) जाणाऱ्यांसाठी थोडं. डुब्रोवनिकला रेल्वे स्टेशनच नाही, पास तिथे खिशातच राहतो. बस किंवा बोट. स्प्लिटहून येणारी बस पूर्वी नेऊम गावापाशी बोस्नियाच्या हद्दीतून जायची. २०२२ मध्ये पेलयेशाचचा पूल झाला आणि आता क्रोएशियातूनच पोहोचता येतं. पण डुब्रोवनिकला हॉटेलवाले एक दिवसाची कोटोरची सहल गळ्यात मारतात. दोन-तीन तासांची बस, फोटो सुंदर. कोटोर आहे माँटेनेग्रो या देशात, शेंगेनच्या बाहेर. त्या बसमध्ये चढायच्या आधी पासपोर्ट उघडा आणि व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीजच्या रकान्यात काय छापलंय ते बघा. ‘मल्ट’, म्हणजे कितीही वेळा प्रवेश, असेल तर जा. ‘०१’, म्हणजे एकदाच प्रवेश, असेल तर संध्याकाळी परत यायला व्हिसाच उरणार नाही.