सगळे भाग चांगले, तरी कॉइल गप्प

एवढ्या पावसात तुम्ही दादरपर्यंत आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. आजच्या विषयाशी पावसाचा संबंधही आहे. मुंबईत टेस्ला कॉइल, म्हणजे हवेत लांब ठिणग्या सोडणारं आपलं यंत्र, रुसते, त्याचं एक कारण तोच असतो. त्याकडे मी येईनच.

मागच्या महिन्यात लालबागचा एक मुलगा आपली कॉइल टॅक्सीत घालून आमच्या गिरगावातल्या वर्कशॉपमध्ये आला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, त्यावर 28 गेजच्या तारेचे 900 वेढे, ही त्याची सेकंडरी. गुंडाळी सव्वा फूट उंच आणि एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. रात्री त्याची आई वेढे मोजायला शेजारी बसायची. माथ्यावर स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या ॲल्युमिनियम पाइपचं कडं होतं. मला म्हणाला, "सर, मल्टिमीटरनं सगळं तपासलं, सगळं बरोबर दाखवतंय. खाली स्पार्क गॅपमध्ये कडकडाटही होतो, पण वर काहीच नाही. सेकंडरी उलगडून परत गुंडाळू का?"

मी म्हटलं, "अरे, थांब. तिला हात लावू नकोस."

हे मी कळकळीनं सांगतोय, कारण असं खूप जण करतात. सगळ्यात जास्त कष्ट सेकंडरीला पडलेले असतात, म्हणून संशयही पहिला तिच्यावरच जातो. दोष बहुतेक वेळा तिच्यात नसतो. टेस्लानं 1891 साली विजेचं हे मंडल, म्हणजे सर्किट, पेटंटमध्ये मांडलं, ते दिव्यांसाठी. त्याचा जीव एका गोष्टीत आहे: दोन वेगळी मंडलं, खालची प्रायमरी आणि वरची सेकंडरी, एका स्वरात लागली पाहिजेत. सतारीच्या तरफा आठवा. वरच्या तारेवर नेमका स्वर लागला, की खालची तरफ कुणी न छेडता बोलू लागते. स्वर थोडा सरकला की तीच तरफ गप्प. तारेत दोष नसतो आणि मल्टिमीटरला स्वर कळत नाही. प्रत्येक भाग चांगला असूनही कॉइल मुकी राहते, ती म्हणून.

त्या मुलासमोर आम्ही कागद घेऊन बसलो. त्याच्या सेकंडरीचं इंडक्टन्स निघालं साधारण 11 मिलिहेन्री. गुंडाळीची स्वतःची कपॅसिटी 6 पिकोफॅरडच्या आसपास, वरच्या कड्याची आणखी 8-9. म्हणजे तिचा स्वर, ती आपोआप डोलते ती फ्रिक्वेन्सी, 400 किलोहर्ट्झच्या जवळ. कडं काढलं तर तोच स्वर 600 च्या वर जातो, हे लक्षात ठेवा. पुष्कळ मुलं कडं न बसवताच ट्यूनिंग करतात आणि नंतर ते चढवतात. मग आधीची सगळी मेहनत फुकट जाते.

आता प्रायमरी. चपटी, चकलीसारखी, 10 वेढ्यांची. त्यानं क्लिप लावली होती अगदी बाहेरच्या, दहाव्या वेढ्यावर. त्याचं म्हणणं, वेढे केलेत तर सगळे वापरायला नकोत का? पण 10 वेढ्यांचं इंडक्टन्स होतं 25 मायक्रोहेन्री. त्याच्या 15 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर प्रायमरीचा स्वर लागत होता 260 किलोहर्ट्झला. एक 260 वर, दुसरी 400 वर. ती बोलणार कशी?

स्वर खरोखर कुठे आहे हे पाहायला हाय व्होल्टेज लागत नाही. सिग्नल जनरेटर सेकंडरीच्या बुडाशी जोडा, काही व्होल्ट पुरतात. कडं जागेवर ठेवा, ऑसिलोस्कोपचा प्रोब जवळ हवेत धरा, टेकवू नका. फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवा, एका जागी लाट उंच उसळते. आमची उसळली 390 च्या आसपास. हाय व्होल्टेज बंद असतानाच आपल्याला उत्तर मिळालं. ही चाचणी न करता कॉइल चालू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण स्वराआधी गॅप, म्हणजे ठिणगी जिच्यावरून उडी मारते ती फट, उडायला हवा. काहींचा गॅपच उडत नाही. मग कपॅसिटर सोडवा आणि फक्त ट्रान्सफॉर्मर गॅपला जोडा. निऑनच्या पाट्या पेटवणाऱ्या 10,000 व्होल्टच्या निऑन ट्रान्सफॉर्मरचं शिखर 14,000 च्या वर जातं. हवा साधारण 3,000 व्होल्टला एक मिलिमीटर या हिशेबानं फुटते. तीन-चार मिलिमीटरपासून सुरुवात करा. नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर जेमतेम उडेल इतकंच अंतर ठेवा. ठिणगी लांब यावी म्हणून गॅप रुंद केला, तर तो ताण कपॅसिटरवर आणि ट्रान्सफॉर्मरवर जातो. लॅमिंग्टन रोडला आज मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक निऑन ट्रान्सफॉर्मर या कामाचे नाहीत, त्यांचं संरक्षण लगेच पुरवठा तोडतं. जुना, लोखंडी गाभ्याचा, डांबर भरलेला, उचलताना जड लागणारा हवा.

अमेरिकन आराखड्यांवरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. 10,000 व्होल्ट, 30 मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरशी नेमका जुळणारा कपॅसिटर तिथं 8 नॅनोफॅरड, इथं साडेनऊ. त्यांच्या तक्त्यापेक्षा थोडा मोठा घेतला, तर तो इथं बरोबर जुळणीवर येऊन बसतो. व्होल्टेज चढत जातं आणि ट्रान्सफॉर्मर आतून फुटतो. आपण त्या साडेनऊच्या दीडपटीच्या पुढे राहावं.

कपॅसिटरबद्दल मी पोळलेला माणूस आहे. माझ्या पहिल्या कॉइलला ठिणगी यायची आणि मिनिटभरात विझायची. मी सेकंडरी तीनदा गुंडाळली. शेवटी एका संध्याकाळी पुरवठा काढून कपॅसिटर शॉर्ट केले, म्हणजे टोकं जोडून आतला भार घालवला, आणि हात लावला, तर ते चहाच्या कपासारखे गरम. दुकानदारानं पॉलिएस्टरचे दिले होते. एवढ्या फ्रिक्वेन्सीला पॉलिएस्टर ऊर्जा स्वतःच खातो. पॉलिप्रोपिलीनच मागा. या मुलानं तेच आणले होते. 0.15 मायक्रोफॅरड, 2,000 व्होल्टचे 10 एकामागे एक जोडले, की 15 नॅनोफॅरड आणि 20,000 व्होल्ट. प्रत्येकावर 10 मेगओमचा रेझिस्टर हवाच, नाहीतर बंद केल्यावरही भार उरतो. असा कपॅसिटर आणि हा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही जीव घेऊ शकतात. एकट्यानं काम करू नका. प्लग काढा, कपॅसिटर शॉर्ट करा, मगच क्लिप हलवा. प्रत्येक वेळी.

अर्थिंगसाठी सातव्या मजल्यावरच्या सॉकेटची अर्थ पिन वापरू नका. ती सगळ्या इमारतीची सामाईक असते आणि तुमची कॉइल शेजाऱ्यांच्या टीव्हीत घुसते. तळमजल्यावर जमिनीत वेगळा रॉड ठोका. ते जमत नसेल तर कॉइलखाली मोठी जाळी अंथरा. ट्रान्सफॉर्मरचा गाभा मात्र मुख्य अर्थलाच जोडायचा.

आता पाऊस. आपल्या हवेत ओल आहे आणि मीठही. पुठ्ठ्याची नळी जुलैत पाणी पिते, पीव्हीसीवर खारट थर बसतो आणि ठिणग्या सेकंडरीच्या अंगावरूनच धावतात. गुंडाळण्याआधी पाइप पुसून हेअर ड्रायरनं कोरडा करा, वर वार्निशचे तीन-चार हात द्या. तरीही धावल्या तर सेकंडरी प्रायमरीपासून बोटभर वर उचला, दोघी फार जवळ आल्यात.

शाळेच्या प्रदर्शनासाठी एका ट्रान्झिस्टरची छोटी कॉइल करणाऱ्यांनी प्रायमरीची दोन टोकं आधी अदलाबदल करून पाहावीत. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

तर तो मुलगा. क्लिप आम्ही दहाव्यावरून सातव्या वेढ्याच्या जरा अलीकडे आणली. चालू केल्यावर कड्यावरून दोन इंचांची जांभळी रेघ निघाली. बंद केलं, शॉर्ट केलं, पाव वेढा बाहेर सरकवली. ठिणगी निघाली की तिचीही कपॅसिटी मिळते आणि वरचा स्वर उतरतो, म्हणून प्रायमरी थोडी खालीच ठेवायची. आणखी पाव वेढा, आणि ठिणगी वीतभर. त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला.

जाताना विचारलं, "सर, बाहेरचे तीन वेढे कापून टाकू?"

मी म्हटलं, "नको. वरचं कडं मोठं करशील तेव्हा लागतील."