नंबर सांगू नका, कागद दाखवा

[दृश्य: नवी पेठ, संध्याकाळची गर्दी. चपलांच्या दुकानाबाहेर टांगलेल्या सँडलांच्या रांगा. आत खोक्यांची भिंत.]

निवेदन:

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कुठल्याही चपलांच्या दुकानात शिरा, पहिला प्रश्न ठरलेला. "कितीचा नंबर?" गिऱ्हाईक म्हणतं, सात. माळ्यावरून सातचा खोका खाली येतो. पाय आत जातो खरा, पण करंगळी चेंगरते. दुकानातला पोरगा म्हणतो, "घाला की दोन दिवस, सैल पडतंय." नाहीच पटलं तर आठ काढतो. आठमध्ये करंगळी सुटते आणि टाच निसटायला लागते. त्यावरही उत्तर तयार असतं: "आत एक सोल टाकू."

सातही चुकीचा आणि आठही. कारण प्रश्नच अर्धा विचारला गेला. नंबर फक्त लांबी सांगतो. पाय किती रुंद, किती जाड, बोटं किती उंच, यातलं काही त्या आकड्यात नसतं.

[दृश्य: सात आणि आठ नंबरचे बूट तळ वर करून शेजारी ठेवलेले. मोजपट्टी.]

आपल्याकडे चालतो तो यूके नंबर. त्यात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन नंबरात हाच टप्पा पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. यूके नंबर एकाने वाढला की बुटाचा चवड्याभोवतीचा घेर सुमारे सहा मिलिमीटरने वाढतो. पण हे सहा मिलिमीटर पूर्ण गोलाईत वाटले जातात. तळाची रुंदी वाढते जेमतेम दोन मिलिमीटर. करंगळीला दोन मिलिमीटर मिळावेत म्हणून पुढे साडेआठ मिलिमीटर रिकामी जागा विकत घ्यायची, असा हा व्यवहार.

तोटा तेवढ्यावर थांबत नाही. बूट जिथं सगळ्यात रुंद असतो तिथंच तो वाकायला बनवलेला असतो. पायाचा चवडाही तिथंच वाकतो. मोठा नंबर घेतला की बुटाचं वाकण पुढं सरकतं आणि पाय मागं राहतो. मग वरच्या कातड्याची घडी नेमकी बोटांवर पडते. रोज हजारो पावलं ती घडी त्याच जागी घासते आणि बोटाच्या सांध्यावर कुरूप धरतं. लोक म्हणतात चप्पल चावली. मापच चुकलं होतं.

रुंद पाय हा काही आजार नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरनं मोजली. भारतीय पाऊल युरोपियन-अमेरिकन पावलापेक्षा रुंद असतं, हे त्यात दिसलं. रुंदी पुरत नाही म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घालतात आणि मग नाडी करकचून आवळतात, हेही दिसलं. त्यातून 'भा' नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती सुचवली गेली. पण फर्मा बदलल्याशिवाय बूट बदलत नाही. बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर ओढून बसवतात तो फर्मा. खोक्यावर काय छापलंय याला त्यानंतर किंमत. तोवर आपलं माप आपणच काढायचं.

[दृश्य: घरातली फरशी. भिंतीला टेकवलेला कागद. त्यावर पाऊल, हातात पेन.]

माप संध्याकाळी काढा. दिवसभर उभं राहून किंवा पाय लोंबकळत ठेवून पावलं सुजतात. अक्कलकोट रोडवर यंत्रमागापाशी पाळीभर उभा राहणारा कामगार आणि विडी वळत तासन्‌तास एका जागी बसणारी बाई, दोघांच्याही पायांवर संध्याकाळी फरक दिसतो. त्यात एप्रिल-मेचं सोलापूर, पारा बेचाळीसच्या पुढं. सकाळी अकरा वाजता गार दुकानात घेतलेला बूट संध्याकाळी सातला तोच राहत नाही.

कोरा कागद भिंतीला टेकवा. टाच भिंतीला लागेल असं उभं राहा. बसून नाही. वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. सपाट पाय वजन पडल्यावर लांबतो आणि पसरतो. बसून काढलेलं माप त्याला हमखास अपुरं पडतं. दुसऱ्या कुणाला तरी रेघ मारायला सांगा, कारण स्वतः वाकलं की वजन एका बाजूला जातं. पेन अगदी उभं धरायचं. तिरकं धरलं तर पेन पावलाखाली शिरतं आणि रुंदी चार-पाच मिलिमीटरने खोटी येते. दोन्ही पावलं काढा. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो. बूट त्याच्या मापानं घ्यायचा.

आता तीन आकडे लिहा. भिंतीपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा ते धरा. दुसरा आकडा रुंदीचा: अंगठ्याच्या मुळाशी येणाऱ्या सांध्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत. ही रेघ आडवी नसते, थोडी तिरकी असते. तिसरा आकडा घेराचा: शिंप्याची टेप त्याच रेषेवरून पावलाभोवती, न आवळता.

[पडद्यावर: २५ + १.२ = २६.२ सेंमी. ÷ २.५४ = १०.३ इंच. × ३ = ३०.९. − २५ = ५.९]

पाऊल पंचवीस सेंटिमीटर असेल तर पुढची मोकळी जागा धरून सव्वीस पॉइंट दोन. इंचात सव्वादहाच्या थोडं वर. तिप्पट करून त्यातून पंचवीस वजा. उत्तर जवळजवळ सहा. म्हणजे मोठ्या माणसांच्या यूके मापात तुम्ही सहाचे. खोक्यावरच्या सेंटिमीटरच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. काही कंपन्या तिथं पावलाची लांबी छापतात, काही आतल्या तळाची.

आता कात्री. रेघेवरून पाऊल कापून घ्या. हे कागदी पाऊल खिशात घालून दुकानात जायचं.

[दृश्य: दुकान. बुटातला आतला सोल बाहेर काढला जातो, त्यावर कागदी पाऊल ठेवलं जातं.]

स्पोर्ट शूजचा आतला सोल बहुधा सुटा असतो. तो काढून कागद त्यावर ठेवा. चवड्यापाशी कड दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली तर चालतं. वरचं कापड तेवढं फुगतं. त्याहून जास्त आली तर तो बूट खाली ठेवा, कितीही आवडला तरी. सोल चिकटवलेला असेल तर कागदच बुटात सरकवा. कडा वर वळल्या तर तुमचं पाऊलही तसंच वळणार आहे.

मग बूट वाकवून बघा. चवड्यापाशी वाकला पाहिजे. मध्येच, कमानीपाशी घडी पडत असेल तर तो दिवसभर उभं राहणाऱ्याच्या कामाचा नाही. टाचेमागची भिंत दोन बोटांनी दाबा. लगेच चपटी झाली तर टाच धरणार नाही. शेवटी हात आत घालून शिवणी चाचपा. गाठाळ शिवण बोटाच्या सांध्यावर येत असेल तर काही दिवसांत तिथं फोड येतो.

रुंदीची अक्षरंही माहीत असावीत. अमेरिकन पद्धतीत पुरुषांची नेहमीची रुंदी डी, रुंद म्हणजे टू-ई, जास्त रुंद म्हणजे फोर-ई. बायकांत नेहमीची बी आणि रुंद डी. म्हणजे पुरुषांची साधी रुंदी हीच बायकांची रुंद. म्हणून रुंद पायाच्या बाईनं दुकानातल्या दुसऱ्या भिंतीकडे जायला लाजू नये. पांढरा किंवा काळा साधा स्नीकर कुणाच्या कप्प्यातला आहे हे पायात घातल्यावर कुणाला कळत नाही. न्यू बॅलन्स, असिक्स, स्केचर्स यांच्या काही मॉडेलांत रुंद माप मिळतं, पण दुकानात ते ठेवलेलं असेलच असं नाही. विचारावं लागतं, बऱ्याचदा मागवावं लागतं.

[दृश्य: देवळाबाहेरचा चप्पल स्टँड. एक जण घाईत नाडी सोडतोय, मागं रांग थांबली आहे.]

आपल्याकडची खरी अडचण इथं आहे. घरात शिरताना बूट काढायचे, सिद्धेश्वराच्या देवळात काढायचे, डॉक्टरच्या खोलीबाहेर काढायचे. दिवसातून आठ-दहा वेळा. त्यामुळे नाडी नको वाटते आणि लोक पटकन पाय सरकवता येईल असा बूट घेतात. पण बिननाडीचा बूट पायावर टिकतो तो केवळ आवळून. त्याला दुसरा आधारच नाही. रुंद पायाला तो सैल घ्यावा तर निसटतो, घट्ट घ्यावा तर चावतो. लोफर आणि बेली रुंद पायांच्या बायकापुरुषांना का छळतात, त्याचं कारण हे.

मधला मार्ग आहे. लवचीक नाड्या मिळतात. एकदा ताण बसवला की बूट सरकवून घालता येतो. मोची आतल्या बाजूला चेनही बसवून देतो. ऑफिसच्या बुटात ऑक्सफर्डपेक्षा डर्बी बघा. डर्बीत नाडीच्या दोन्ही पट्ट्या वरून मोकळ्या असतात, उंच पावलावर त्या उघडतात. ऑक्सफर्डच्या पट्ट्या खाली शिवलेल्या असतात. बकलवाला मंक बूटही बरा. लग्नात शेरवानीखाली टोकदार मोजडीपेक्षा तो कितीतरी सुसह्य. बायकांसाठी बकलाची किंवा वेल्क्रोची मेरी जेन, म्हणजे पावलावरून आडवा पट्टा असलेला बूट. वेल्क्रोवर शोभेचं बकल शिवून घेतलं की ती वेल्क्रोची आहे हे दिसत नाही. सँडल असेल तर तीन पट्टे आणि तिन्ही सैल-घट्ट करता येणारे: चवडा, पावलाचा उंचवटा, टाच.

दिसण्याचं म्हणाल तर टोक निमुळतं असण्याची गरज नसते. चौकोनी किंवा बदामी टोक घ्या, पण बोटं संपल्यावर निमुळतं होणारं. बोटांवरच निमुळतं होणारं नको. एकरंगी, मॅट कातड्यात रुंदी कमी दिसते. चवड्यावर आडवा पट्टा किंवा चमकदार बकल आलं की नजर नेमकी तिथंच जाते. उंची हवी असेल तर जाड टाच किंवा वेज, म्हणजे टाचेपासून पुढं सलग उतरत जाणारा तळ, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढं वजन चवड्यावर ढकललं जातं, आणि रुंद पायाचा त्रास मुळात चवड्याचाच.

[दृश्य: अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं पाऊल, अगदी जवळून.]

अंगठ्याचं हाड बाहेर आलेल्या पायाला त्या जागी शिवण, बकल, छिद्रांची नक्षी, काहीही नको. मऊ कातडं किंवा विणलेलं कापड हवं. नाडी ओवताना त्या हाडासमोरची भोकं सोडून द्या, दाब लगेच कमी होतो. बोटांमध्ये घालायचं सिलिकॉन घ्यायचं असेल तर ते बूट मापताना पायात असावं. घट्ट बुटात गादी घालणं हा तर सगळीकडे दिसणारा प्रकार. गादी जागा खाते. बूट आणखी घट्ट होतो. चवड्याखाली आग होत असेल तर गोल पॅड दुखऱ्या हाडाखाली लावायचा नसतो, त्याच्या किंचित मागं लावायचा असतो, म्हणजे हाडावरचा भार उचलला जातो.

टाचदुखीवाल्यांना सपाट चप्पल नको, अगदी कोल्हापुरीसुद्धा. सोलापूरला हे सांगायला जड जातं. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं पायाचा आकार घेतं, हा तिचा मोठा गुण. नुसत्या रुंद पायाला ती उत्तम. मात्र कारागिराला कागद दाखवून तळच रुंद कापून घ्या. तळ अरुंद राहिला की पट्टा कितीही सैल करा, करंगळी कडेवरून खाली लोंबते.

मधुमेहात पाय बधिर झालेल्यांसाठी आतापर्यंतचं अर्धं निवेदन रद्द समजा. "घालून बघा, लागतंय का" ही कसोटी त्यांना लागू नाही, कारण लागलेलं कळतच नाही. अंगठ्यात अडकवायची चप्पल नको. एमसीआर, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा आतला थर, खाली कडक तळ, वेल्क्रोचे पट्टे आणि टाचेमागं पट्टा, अशी चप्पल डॉक्टर सांगतात ती घ्यावी. बूट घालण्याआधी दर वेळी हात आत फिरवा. खडा, खिळ्याचं टोक, दुमडलेला सोल. कुरूप ब्लेडनं कापू नये, कुरुपाच्या पट्ट्याही लावू नयेत; त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी जाऊ नये. फोड आलेला घरी आल्यावर दिसतो.

[दृश्य: रस्त्याकडेची मोच्याची बैठक. आरी, रापी, लाकडी फर्मे.]

घेतलेला बूट थोडा घट्ट निघाला तर मोच्याकडे जाण्याआधी कडेचा कापलेला भाग बघा. आत तंतू दिसले तर कातडं, खाली कापडाचं अस्तर दिसलं तर रेक्झीन. कातडं ओलसर करून ताणफर्म्यावर दिवस-दोन दिवस ठेवलं की रुंदीत सैल होतं. हाडाच्या जागी फर्म्यावर गोटी लावून तेवढाच भाग फुगवता येतो. सुकेपर्यंत काढायचं नाही, नाहीतर परत आवळतं. घाई करून जास्त ताणलं तर शिवण उसवते. रेक्झीन ताणून काही उपयोग नाही. रात्री फर्म्यावर मोठं, दुपारी पुन्हा तेवढंच. लांबी तर कशानंच वाढत नाही.

बूट बनवून घेणार असाल तर चांगला कारागीर फर्म्यावर तुमच्या हाडाच्या जागी कातड्याचे तुकडे चिकटवून तो फुगवतो आणि मग वरचं कातडं ओढतो. तसं करणार का, हे आधी विचारा. नुसता मोठ्या नंबरचा फर्मा काढणार असेल तर रेडिमेडच घ्या.

[दृश्य: घरातली फरशी, पुन्हा. नवे बूट, मोजे, भिंतीवरचं घड्याळ.]

नवा बूट पहिल्या दिवशी घरातच, स्वच्छ फरशीवर अर्धा तास. बिल आणि खोका जपून ठेवा. तळ मळला की दुकानदार परत घेत नाही. अर्ध्या तासानं मोजे काढून दोन्ही पावलं उजेडात बघा. लाल खूण असेल तर घड्याळ लावा. वीस मिनिटांत गेली तर उद्या एक तास. वीस मिनिटांनंतरही ती तिथंच असेल तर बूट खोक्यात, खोका पिशवीत, आणि कागदी पाऊल सोबत.