टक्, आणि पुढं काहीच नाही

नमस्कार श्रोतेहो.

सुरुवातीलाच तुम्हाला गाडीचे चार आवाज काढून दाखवते. हसू नका. पहिला, टक्. एवढाच, पुढं शांतता. दुसरा, टकटकटकटकटक. तिसरा, घर्र… घर्र… घ…र्र, म्हणजे म्हातारा जिना चढतोय असा. आणि चौथा, घर्र घर्र घर्र घर्र, एकदम जोमात, पण इंजिन पेटायचं नाव घेत नाही.

ही चार वेगळी दुखणी आहेत. आपण मात्र गॅरेजात जाऊन चारही वेळा एकच सांगतो, "अहो, गाडी सुरू होत नाही." घरात भाजी बिघडली तर खारट झाली की करपली, हे चाखून बघितल्याशिवाय आपण पातेल्यात पाणी ओतत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र सरळ ओततो. म्हणजे बॅटरी बदलतो.

मी शाळेत विज्ञान शिकवते, मेकॅनिक नाही. आमच्याकडे एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हताच. पण सलग दोन वर्षं तिनं आम्हाला असं छळलं की गल्लीतली पोरं आम्ही बाहेर पडताना दिसलो की न बोलावता धक्क्याला यायची.

तिचा आवाज पहिला. टक्. तोही रोज नाही. तीन-तीन आठवडे गुणी मुलीसारखी वागायची आणि नेमकं सकाळी सात वाजता, डबे भरून दप्तरं टाकून बसलो की टक्. हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख, पण सेल्फ घेत नाही. आणि गॅरेजात नेली की पहिल्या झटक्यात सुरू! मिस्त्री आपल्याकडं असा बघतो की आपल्यालाच खोटं बोलल्यासारखं वाटतं.

पहिल्यांदा बॅटरी बदलली. महिनाभर बरं गेलं. मग कुणीतरी स्टार्टरवर, म्हणजे सेल्फच्या मोटरवर, पान्यानं दोन ठोके मारून दाखवले आणि गाडी सुरू झाली, म्हणून स्टार्टर उघडून कार्बन बदलले. पुन्हा टक्. मध्येच क्लच जड झाला म्हणून क्लचची केबल बदलली, तो खर्च आम्ही वेगळ्या खात्यावर मांडला. मग आणखी एक बॅटरी. वॉरंटीचं कार्ड मागितलं की मी विचारायची, कुठल्या बॅटरीचं?

या काळात आम्ही उतार शोधायला लागलो. आता सांगलीत उतार शोधणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. सातारकरांचं बरं, गाडी कुठंही लावा, उतार आहेच. आमचं गाव ताटासारखं सपाट. त्यामुळं भाजी आणायला गेलं तरी पुलाच्या बाजूचा जरासा तिरका रस्ता गाठायचा आणि पिशव्या घेऊन चालत यायचं.

वळण आलं ते आमच्या सासऱ्यांमुळं, अण्णांमुळं. अण्णा दुधाचा हिशेब कॅलेंडरवर लिहितात. त्याच चौकोनात दीड लिटरच्या खाली त्यांनी पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली. 'ट, पाऊस.' 'ट, धक्क्यावर लगेच.' 'ठीक, चार दिवस उभी होती.' 'ट, क्लच जड.' माझं लक्ष गेलं तेव्हा सहा महिन्यांची पानं भरली होती. शाळेत मी मुलांना निरीक्षणाच्या नोंदी ठेवा म्हणून सांगते, आणि घरात नोंदी ठेवत होते ते अण्णा.

ती पानं घेऊन मी एका रविवारी बसले. धक्का मारला की गाडी लगेच सुरू होते, याचा अर्थ पेट्रोल पोचतंय आणि प्लगला ठिणगीही आहे. मग पेट्रोल पंप, प्लग, कॉइल यांच्याकडं बघायचंच नाही. चार दिवस उभी राहून सुरू होते आणि रात्रभरात रुसते, म्हणजे बॅटरी उभ्या उभ्या उतरत नाही. राहिला फक्त सेल्फचा रस्ता, बॅटरीतून स्टार्टरपर्यंत आणि स्टार्टरमधून परत. आणि 'ट' बहुतेक ओलसर दिवशी. क्लचचं मात्र कोडं सुटेना.

मग ते कॅलेंडर घेऊन मी मिरजेला एका ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांकडं गेले. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर तारेला कान लावून बसतात ना, तसे हे चाचा. कॅलेंडर चाळलं, 'क्लच जड' वर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, गाडी पुरात होती का?"

होती! ऑगस्ट २०१९. इथं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माणसं, म्हातारी, कागदपत्रं हलवताना गाडीचं कुणाला सुचणार? ती गल्लीत दोन दिवस दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. सीट भिजली नाही, इंजिनमध्ये पाणी गेलं नाही, धुऊन पुसून चालू झाली. आम्ही म्हटलं, सुटलो. २०२१ ला पाणी वाढायला लागल्याबरोबर आधी गाडी हलवली. त्या दिवशी तिची मर्जी होती म्हणून निघाली.

चाचांनी मल्टिमीटर काढला, व्होल्ट मोजायचा. हे यंत्र काही शे रुपयांत मिळतं, आणि आम्ही घेतलेल्या एका बॅटरीच्या पैशात गल्लीभर वाटता आलं असतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. बंद गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ दिसलं तर निम्मी समजायची. मग मला सेल्फ मारायला सांगितलं. टक्! देवासारखी त्याच वेळी रुसली. त्या क्षणी बॅटरीवर बारा व्होल्ट.

खरी गंमत इथं आहे. बॅटरी थकलेली असती तर सेल्फ मारताना ती नऊ-साडेनऊच्या खाली कोसळली असती. इथं ती बाराला ठाम उभी. म्हणजे तिच्याकडून कुणी काही घेतच नव्हतं. दुकानात माल भरलाय, पण रस्ता बंद.

मग चाचांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. दोन्ही एकाच निगेटिव्हची टोकं, त्यामुळं सेल्फ मारताना त्यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आतच फरक हवा. आला साडेपाच.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेपुरतं ते अधांतरीच. त्याला बॉडीशी, आणि बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हशी, जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते, अर्थिंगची. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला. पुराचं गाळाचं पाणी तिच्या टोकाच्या बोल्टखाली शिरलं आणि तिथं हळूहळू हिरवट गंज धरत गेला. छोट्या गाडीच्या स्टार्टरला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. वाटेत ओहमचा नुसता पन्नासावा भाग अडथळा आला, तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथंच खर्च होतात. हेडलाइटच्या एका दिव्याला लागतात जेमतेम पाच अँपिअर, आणि त्याची अर्थिंग तर थेट बॉडीलाच. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. म्हणून आम्ही दोन वर्षं फसलो.

आणि क्लच? परतीची मोठी वाट बंद झाल्यावर करंट आडवाटेनं जातो. इंजिनला बॉडीशी जोडणारं दुसरं लोखंड म्हणजे क्लचची केबल. बारीकशी केबल, तिच्यातून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि पॅडल जड होतं. आम्ही ज्या केबलचा खर्च वेगळ्या खात्यावर मांडला होता, ती याच दुखण्यानं जळली होती. पान्याचे ठोकेही स्टार्टरला लागू पडत नव्हते, ठोक्यांनी ती गंजकी पट्टी जराशी हलत होती.

खात्रीसाठी चाचांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या हुकाला लावलं. "मारा सेल्फ." घर्र! असा सेल्फ आमच्या गाडीनं कैक महिन्यांत घेतला नव्हता. नवीन पट्टी टाकली, खालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, वरून ग्रीस लावलं. खर्च साडेतीनशे रुपये, चहा त्यांच्याकडून.

बाकीच्यांपैकी दोन आवाजांचं थोडक्यात सांगते. टकटकटकटक बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी किंवा ढिलं टर्मिनल, म्हणजे बॅटरीवर वायर जोडतात ती जागा. दहाचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह काढा, पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुवा, आणि जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. नवी बॅटरीही सारखी उतरत असेल तर इंजिन चालू ठेवून तिच्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर बघायचा, ज्याला आपल्याकडं अजून डायनामोच म्हणतात.

माझ्या नणंदेची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की मरायची. तिच्या डिकीतला पाच वॅटचा दिवा झाकण लावलं तरी विझत नव्हता. दिवसाला दहा अँपिअर-तास जायचे, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते पस्तीसची. सापडला कसा? भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला आणि झाकण लावलं!

चौथा आवाज, जोमात फिरतं पण पेटत नाही, तो सगळ्यात वेळखाऊ. किल्ली 'ऑन' करून सेल्फ न मारता मागच्या सीटकडं कान द्या. टाकीतल्या पंपाची दोन सेकंद बारीक घूं ऐकू यायला हवी. नाही आली तर फ्यूज, रिले, पंप या क्रमानं जा. आणि गार असताना सुरू होते, तापल्यावर होत नाही, अशी तक्रार असेल तर इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सर तपासून घ्या. माझ्या भावाची गाडी पुण्याला जाताना कराडला चहाला थांबली की अडायची आणि अर्ध्या तासानं शहाणी व्हायची. त्यानं तोवर पंप बदलून झाला होता. आमचे वडील जुन्या गाडीच्या पंपावर घाटात ओलं फडकं टाकायचे, ते पेट्रोलची वाफ व्हायची म्हणून. भावाच्या मेकॅनिकनं तेच केलं, फक्त फडकं सेन्सरवर टाकलं, आणि गाडी सुरू झाली.

एकच विनंती. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि घरात एखादं कॅलेंडर असेलच.

आज मी इथं त्याच गाडीनं आले. ती बाहेर अगदी सपाट जागेवर लावली आहे. अण्णा सोबत आहेत, गाडीत बसलेत. सपाटीवर लावलेली त्यांना अजून पटत नाही. येताना म्हणाले, "जरा पुढं बघ की, तिथं थोडा उतार आहे."

नमस्कार.