दृष्टिक्षेत्र किती आणि त्यातले कामाचे किती?

द्विनेत्री दुर्बिणीच्या अंगावर ८×४२ असे लिहिलेले असते. आठपट विवर्धन आणि ४२ मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, म्हणजे दृश्याकडचे समोरचे भिंग, हा त्याचा अर्थ आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याच शेजारी ८° किंवा '१००० मीटरवर १४० मीटर' असा मजकूर असतो, ते दृष्टिक्षेत्र, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी. एक अंश म्हणजे हजार मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर, तेव्हा दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. चित्र किती रेखीव आहे आणि कडेला त्याचे काय होते, याबद्दल मात्र दुर्बिणीवर काहीच छापलेले नसते. त्यामुळे निवड करताना आपण नकळत छापलेल्या आकड्याकडे झुकतो, किंवा त्याची प्रतिक्रिया म्हणून 'क्षेत्र लहान चालेल, पण कडेपर्यंत स्पष्ट हवे' असा आग्रह धरतो. हा दुसरा आग्रह शहाणपणाचा वाटतो खरा, पण माझ्या मते तोच अधिक फसवा आहे.

आधी मोठ्या क्षेत्राचा लाभ आणि त्याची किंमत पाहू. साडेसहा अंश आणि आठ अंश यांत दीडच अंशाचा फरक असला, तरी वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे आठ अंशांत दीडपट दृश्य मावते. उडता पक्षी पकडताना किंवा दाट पानांत हालचाल शोधताना हा फरक लगेच जाणवतो. मात्र मध्यापासून दूर जावे तसे किरण भिंगांतून अधिक तिरपे जातात आणि दोष वाढतात. क्षेत्रवक्रता (मध्य आणि कड एकाच फोकसला स्पष्ट न येणे) आणि अस्टिग्मॅटिझम (बिंदूची रेघ होणे) हे साधारणपणे कोनाच्या वर्गाने, तर सरळ रेषा वाकवणारी विकृती घनाने वाढते. म्हणजे रचना तीच ठेवून कड मध्यापासून सव्वातीन अंशांवरून चार अंशांवर नेली, तर पहिले दोन दोष दीडपट आणि विकृती पावणेदोनपटीहून अधिक होते. ती आवरायची तर नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगसंचात, जास्त भिंगे हवीत, लोलक मोठे हवेत, आणि ते सारे वजन गळ्यात येते. निकॉनची डब्ल्यूएक्स ७×५० ही दुर्बीण १०.७ अंशांचे क्षेत्र उत्तम गुणवत्तेने दाखवते, पण तिचे वजन सुमारे २.४ किलो आहे. ती गळ्यात अडकवून कोणी जंगलात दिवसभर हिंडेल असे मला वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुर्बिणीत दिसणाऱ्या वर्तुळाला जी काळी, रेखीव कड असते, ती बहुधा नेत्रिकेजवळ बसवलेल्या एका साध्या कडीची असते. प्रतिमा त्या कडीपाशी संपत नाही, ती तिथे झाकली जाते. एखाद्या आठ अंशांच्या दुर्बिणीत बाहेरचा भाग मऊ पडत असेल, तर निर्मात्याने लहान भोकाची कडी बसवली की तीच दुर्बीण साडेसहा अंशांची आणि 'कडेपर्यंत स्पष्ट' होते. भिंगांत तसूभरही सुधारणा झालेली नसते. मऊ पट्टा फक्त पडद्याआड गेलेला असतो. म्हणून एका दुर्बिणीच्या कडेची दुसरीच्या कडेशी तुलना करणे हा अन्याय आहे. तुलना करायची ती मध्यापासून समान कोनावर.

त्यासाठी आकाशात एक सोयीची जोडी आहे. सप्तर्षींतले क्रतू आणि पुलह, ज्यांची रेषा पुढे वाढवून आपण ध्रुवतारा शोधतो, ते एकमेकांपासून सुमारे ५.४ अंशांवर आहेत. दुर्बीण तिकाटण्यावर बसवून दोन्ही तारे मध्यापासून सारख्याच अंतरावर आणले, की क्षेत्र साडेसहा अंशांचे असो वा आठ, प्रत्येक तारा मध्यापासून २.७ अंशांवर असतो. आधी मध्यावरचा एखादा तारा अगदी टिंबासारखा करून घ्यावा आणि मग फोकस न हलवता हे दोन पाहावेत. फुगलेला तारा फोकस फिरवल्यावर पुन्हा टिंब झाला, तर दोष मुख्यतः क्षेत्रवक्रतेचा, आणि तो तरुण डोळा काही प्रमाणात स्वतःच सावरून घेतो. फोकस कसाही फिरवला तरी तारा रेघेसारखा किंवा पंखासारखाच राहिला, तर दोष अस्टिग्मॅटिझम किंवा कोमाचा (बिंदूला एका बाजूला शेपूट फुटण्याचा) असतो, आणि त्यावर वापरणाऱ्याच्या हाती उपाय नाही.

आपल्या दृष्टीची खरी तीक्ष्णता मध्यावरच्या एकदोन अंशांतच असते. पक्षी पाहणारा पक्षी मध्यावर आणतो आणि कडेचा उपयोग तिथे काही हलले का, एवढ्यापुरताच करतो. त्यासाठी थोडी मऊ कड पुरते, आणि ती झाकून टाकण्यापेक्षा असलेली बरी. तारे पाहणाऱ्याचे तसे नाही. तो दुर्बीण स्थिर ठेवून नजर वर्तुळभर फिरवतो, आणि प्रकाशाचा बिंदू हा दोष उघड करणारा सर्वांत निर्दय साक्षीदार असल्याने त्याने कडेसाठी जादा खर्च करावा. मध्यावरचा रेखीवपणा, तेजस्वी आकाशासमोरच्या फांदीला न येणारी जांभळी किनार आणि दोन्ही नळ्यांची अचूक जुळणी यांवर मात्र कोणीच तडजोड करू नये. मध्यच कच्चा असेल तर दहा अंशही व्यर्थ आहेत.

चष्मा वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सांगायचे राहिले. नेत्रिकेपासून डोळा जितक्या अंतरावर ठेवल्यास पूर्ण चित्र दिसते, ते अंतर चष्म्यासह साधारण १५ ते १८ मिलिमीटर लागते, आणि क्षेत्र वाढवताना ते टिकवणे अवघड असते. म्हणून घेण्यापूर्वी चष्मा लावूनच पाहावे आणि ती काळी कड सर्व बाजूंनी एकाच वेळी दिसते का, हे तपासावे. ती दिसत नसेल, तर छापलेल्या आठ अंशांपैकी काही अंश तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत.