जाळ कमी, आर जास्त

(दृश्य : भंडारदऱ्याचा जलाशय, उतरतं ऊन. काठच्या रिकाम्या खाचरांत उभे राहणारे तंबू.)

डिसेंबर उजाडला की शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याहून गाड्या निघतात आणि शनिवारी दुपारपर्यंत अकोले तालुक्यात टेकतात. मुरशेत, पांजरे, रतनवाडी. भात कापून मोकळी झालेली खाचरं आणि त्यांना लागून पाणी. हे पाणी प्रवरेचं. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी विल्सन धरणानं अडवली, त्यालाही शंभर वर्षं होत आली. धरण पूर्ण झालं १९२६ मध्ये. समोर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक.

तंबू उभे राहतात, सेल्फी काढून होतात, आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना एकच घाई सुटते. आग पेटवायची.

आता जरा पिशव्यांत डोकावू. नूडल्सची पाकिटं, वेफर्स, बिस्किटं, मसाला लावून डब्यात भरलेलं चिकन. नूडल्स म्हणजे बहुतेक वेळा तळून कोरडा केलेला मैदा, आणि सोबतच्या पुडीत भरपूर मीठ. दिवसभर गड चढून आलेल्या पोटाला ते चार घास बरे वाटतात. मध्यरात्री तंबूत पुन्हा वेफर्सचं पाकीट कुरकुरतं. ट्रेक म्हटलं की असंच खायचं, हे कुणी ठरवलं कोण जाणे. कारण तंबूपासून हाकेच्या अंतरावर जे घर दिसतंय, त्याच्या कणगीत नागली (म्हणजे नाचणी) आहे, वरई आहे, हुलगे आणि वाल आहेत. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असल्याच गावठी वाणांचं बियाणं जपलं, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या तालुक्यात येऊन आपण पाकीट फोडतो.

(दृश्य : डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली मावशी. मागे पोरगा, त्याच्या हातात परात.)

आजच्या रात्रीचा स्वयंपाक या मावशींच्या हातचा. बेत साधा आहे : हुलग्याचे शेंगोळे, नागलीची भाकरी, वांग्याचं भरीत. नंतर गोड म्हणून रताळी. तेल लागणार आहे फक्त फोडणीपुरतं.

चूल तीन दगडांची. पण दगड कुठून उचलायचे यालाही शहाणपण लागतं. पाण्याच्या कडेचा गुळगुळीत, ओलसर दगड दिसायला देखणा, पण चुलीला वाईट. त्याच्या भेगांत, छिद्रांत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडू शकतात. मावशी बांधावरचे कोरडे दगड उचलतात. चुलीचं तोंड वारा बघून ठेवतात. आपण बसलो की वारा पाठीवर यावा, म्हणजे धूर पलीकडे जातो.

लाकडाचंही तसंच. सावर, पांगारा भुसकन जळतो आणि राख होऊन बसतो. ऐन, बाभूळ अशी जड लाकडं पेटायला कुरकुर करतात, पण त्यांचा विस्तव टिकतो. कण्हेरीची काटकी चुकूनही जाळायची नाही, तिच्यावर मांसाचे तुकडे खोचायचे तर मुळीच नाहीत. ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी. बिब्ब्याचं लाकूडही नको, त्याचा चीक अंगावर उततो. आणि आग लवकर पेटावी म्हणून प्लॅस्टिकची पिशवी टाकणाऱ्याला त्या रात्री जेवण देऊ नये, असं या निवेदकाचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : उंच उठलेल्या ज्वाळा. एक तरुण पातेलं घेऊन पुढे सरसावतो.)

पोरांना दम नाही. जाळ झाला की पातेलं चढवलंच पाहिजे. मावशी हात आडवा धरतात.

"आरं दादा, घाई कशाला? आर पडू दे आधी."

आर म्हणजे निखारे. त्यांचं हे एक वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. लाकूड तापतं तेव्हा आधी त्यातलं पाणी उडतं. मग लाकडातून वायू सुटतात आणि ते वायू पेटतात. आपल्याला दिसतो तो जाळ म्हणजे हेच जळते वायू. ते पुरते जळले नाहीत की काजळी धरते, धूर होतो. वायू संपले की मागे कोळसा उरतो. तो ज्वाळेशिवाय, जवळजवळ धुराशिवाय, लाल होऊन जळत राहतो. आच सारखी लागते. वाऱ्याच्या झुळकेनं इकडे तिकडे पळत नाही. जाळावर पदार्थ बाहेरून करपतो, आत कच्चा राहतो. आरावर तो आतपर्यंत शिजतो.

तब्येतीच्या बाजूनंही हेच खरं. चिकनच्या काड्या थेट जाळावर धरल्या की चरबी निथळून विस्तवात पडते, भपकन जाळ उठतो आणि त्या धुराबरोबर पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची घातक संयुगं मांसावर बसतात. ज्याला आपण ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणून दाद देतो, त्यात हाही भाग असतो. चिकन करायचंच तर चरबी काढून, निखाऱ्यांपासून वीतभर वर, सतत फिरवत. करपलेला भाग खरवडून टाकायचा.

(दृश्य : परातीत हुलग्याचं पीठ. मावशींचे हात, अगदी जवळून.)

आता शेंगोळे. हुलगे म्हणजेच कोकणातलं कुळीथ. शंभर ग्रॅम हुलग्यात साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं. पीठ घरूनच दळून आलंय, त्यात मूठभर ज्वारीचं. लसूण, हिरवी मिरची आणि जिरं दगडावर ठेचून घेतलेलं, हळद, मीठ. एवढं घालून मावशी पीठ घट्ट मळतात. हाताला तेलाचं बोट लावून पिठाची सुपारीएवढी गोळी घेतात, दोन तळव्यांत वळून करंगळीएवढी लांबवतात आणि टोकं जुळवून कडं करतात. एक कडं व्हायला श्वासभर वेळ लागतो. शेजारी बसलेली मुंबईची मुलगी तीन करते तेवढ्यात परातीची कड भरून गेलेली असते.

पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिलाय. त्यामुळे काजळी भांड्याला न धरता मातीला धरते आणि घासताना पाणी कमी लागतं. आत तेलाची फोडणी, उरलेला ठेचा, मग भरपूर पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की शेंगोळे एकेक सोडायचे. लगेच ढवळायचं नाही, नाहीतर मोडतात. थोड्या वेळानं पीठ रश्श्यात उतरू लागतं आणि रस्सा आपोआप दाटतो. प्रथिनं, पाणी, मीठ, ऊब, सगळं एका भांड्यात.

इथे डाळ का नाही, असं कुणी विचारेल. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. हरिश्चंद्रगडावर, १४२४ मीटरवर, ते सुमारे ९५ अंशांनाच उकळू लागतं. कुकर नसेल तर तूरडाळ तिथे तासभर रटरटत राहते आणि दाणा दाताखाली येतोच. गडावर डाळ न्यायचीच तर सालाची मूग किंवा मसूर, दुपारपासून भिजवून. पिठाला हा त्रास नाही.

(दृश्य : तव्यावर भाकरी. तांबूस-काळा रंग.)

नागलीच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून गार पाण्यात भिजवलं तर भाकरी थापताना चिरते. मावशी पाण्याचं आधण ठेवतात, उकळत्या पाण्यात पीठ वैरतात, झाकतात. चटका सोसेल इतकं निवलं की मळतात. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटपणा देतो. थापलेली भाकरी तव्यावर, वरून पाण्याचा हात, उलटली की पुन्हा थोडा वेळ. शेवटी तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी आराला उभी करायची. टम्म फुगते. शंभर ग्रॅम नागलीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. गुडघे बोलू लागलेल्या ट्रेकरांनी ही भाकरी दुसऱ्यांदा मागून घ्यावी.

वांगी, कांदे, लसणाचे अख्खे गड्डे आधीच विस्तवाच्या कडेला लावून ठेवलेत. वांग्याला आधी टोचे मारलेत, नाहीतर फुटतं. साल काळीठिक्कर पडली की सोलायची, आतला गर कुस्करायचा, कच्चा कांदा, कोथिंबीर, मीठ. अॅल्युमिनियमच्या फॉइलची गरजच पडत नाही. वांग्यानं स्वतःचं वेष्टण आणलेलं असतं. रताळी मात्र विस्तवात नाही, बाजूच्या गरम राखेत पुरलीत. आगीतून फुफाट्यात पडणं रताळ्याच्या हिताचंच. तासाभरात मधासारखी गोड होतात.

(दृश्य : पंगत. ताटांवर वाफ. मावशी डोळे पुसतात.)

या दृश्यात एक गोष्ट सुटू नये. शहरातल्या माणसाला चूल एका रात्रीची हौस आहे, तीही उघड्यावर. मावशींसारख्या बायकांनी तीच चूल बंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं फुंकली, डोळ्यांत आणि छातीत धूर भरून घेतला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव गॅस पोचला. तरी सिलिंडर पुन्हा भरायचा म्हटलं की अनेक घरं पैसे मोजतात आणि चुलीकडे वळतात. ‘चुलीवरचं’ अशी पाटी लावून जेवण विकणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. शिवाय मावशींना जेवणाचे पैसे देताना घासाघीस करू नये.

रात्री दहानंतर थंडी बोचू लागते. मग कुणाच्या तरी डोक्यात येतं, घमेल्यात थोडे निखारे घेऊन तंबूत ठेवू. हे कधीही करायचं नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत झोपलेल्या माणसाला जाग न येताच जीव जाऊ शकतो. ऊब हवी तर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्या.

आणि चूल कुठेही मांडायची नाही. हे शेत खाजगी आहे, मालकाची परवानगी आहे. पलीकडची झाडी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची. राखीव जंगलात आग पेटवायला १९२७ च्या वन कायद्याची मनाई आहे, अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि पाऊस पडेपर्यंत एका ठिणगीनं डोंगर पेटतो. त्या दिवसांत शेतातही गॅसचा छोटा स्टोव्हच बरा.

(दृश्य : सकाळ. विझवलेली चूल.)

राख दिसली म्हणजे विस्तव विझला असं नाही. वरून माती लोटली तर आतला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसतो. मावशी आधी अर्धवट जळालेली लाकडं बाजूला ओढतात. मग राखेवर पाणी, काठीनं ढवळणं, पुन्हा पाणी. चरचर थांबली की तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेतात. ऊब लागली तर आणखी एक तांब्या.

बाजूला काढलेल्या लाकडांवरही पाणी पडतं, मग ती बांधावर उन्हात टाकली जातात. वाळली की पुढच्या शनिवारी हीच आधी चुलीत जातील. एकदा कोळसा धरलेलं लाकूड लवकर पेट घेतं.